नवा सेन्सर बसवला, तरी ओव्हन २८ अंश कमीच तापतोय. बोर्ड बदलण्याआधी काय तपासू?

वहीवाली

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय. अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं सांगते.

आमचा ओव्हन इलेक्ट्रिक आहे, ओट्याखालच्या कपाटात बसवलेला. वर-खाली कॉइल, मागे पंखा. नऊ वर्षं झाली त्याला. तापमान आकड्यात टाकायचं असतं, आणि आत मागच्या भिंतीतून पेन्सिलीपेक्षा बारीक, बोटभर लांबीची एक नळी पुढे आलेली आहे, तो सेन्सर.

मी प्रत्येक वेळी काय भाजलं, किती तापमानावर, कुठल्या खाचेत आणि किती वेळ, हे वहीत लिहिते. सहा वर्षांची वही आहे. साधा केक १८० अंशांवर ३८ मिनिटं, कधी ३७, कधी ३९. त्यापलीकडे कधीच गेला नाही. तीन-चार महिन्यांपूर्वी तो ४३ मिनिटांवर गेला, मग ४७, आता ५२ मिनिटांनीही मधे ओला राहतो. ब्रेडचा तळ पांढुरका निघतो. आधी मला माझंच काही चुकतंय असं वाटलं. वजनकाटा तपासला, पीठ बदललं, साचा बदलला. वही खोटी ठरायला लागली की आपण शिकलेलं सगळंच हातातून सुटतंय असं वाटतं हो.

शेवटी ओव्हनच्या आत ठेवायचा तापमापक आणला. मधल्या जाळीवर मधोमध ठेवला, १८० लावलं, अर्धा तास नुसतं तापू दिलं. मग चाळीस मिनिटं दर दोन मिनिटांनी दार न उघडता काचेतून आकडा टिपला. सगळ्यात कमी १४३, सगळ्यात जास्त १६१, सरासरी १५२.

दुरुस्तीवाले आले, सेन्सर गेलाय म्हणाले, नवा बसवला. दुसऱ्या दिवशी परत मोजलं तर १५१. पुन्हा बोलावलं, तर म्हणतात आता बोर्डच, म्हणजे ओव्हन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किटच, गेला असणार, तो मागवावा लागेल. बोर्ड म्हणजे मोठा खर्च, आणि तो बदलूनही असंच राहिलं तर?

जुना सेन्सर मी ठेवून घेतलाय. घरात मल्टिमीटर आहे, सेल आणि फ्यूज तपासण्यापुरता वापरते. बोर्डाला हो म्हणण्याआधी मला स्वतःला काय मोजता येईल?

चटकन

ताई, एवढं कशाला? बऱ्याच डिजिटल ओव्हनमध्ये तापमान वर-खाली सरकवायची सोय असते. मॅन्युअलमध्ये 'कॅलिब्रेशन' किंवा 'ऑफसेट' शोधा, जेवढं जमेल तेवढं वाढवा, उरलेलं बटणावर जास्त लावा. आमचा आठ अंश कमी होता, तसाच सरळ केला. दोन वर्षं छान चाललाय.

मीटरकाका

वहीवाली ताई, ऑफसेटला सध्या हात लावू नका. 'चटकन' यांचा आठ अंशांचा फरक होता आणि तो स्थिर होता, त्यासाठीच ती सोय असते. तुमचा फरक तीन-चार महिन्यांत वाढत गेलाय. ४३, ४७, ५२ ही तुमची वहीच सांगतेय की काहीतरी हळूहळू खराब होतंय. अशा वेळी ऑफसेटनं २८ अंश भरून काढले आणि उद्या हाच दोष क्षणभर सुधारला, तर ओव्हन २८ अंश जास्त तापेल.

मी आयुष्यभर कारखान्यात उपकरणं लावण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. तापमानाच्या तक्रारीत पहिला संशय नेहमी सेन्सरवर जातो आणि बऱ्याचदा सेन्सर निर्दोष असतो.

एक गोष्ट मनात पक्की करा. ओव्हनचा बोर्ड तापमान बघत नाही, ओहम बघतो, म्हणजे सेन्सर विजेला किती अडथळा (रेझिस्टन्स) करतो ते. तुमच्यासारख्या ओव्हनमध्ये बहुधा पीटी-१००० जातीचा सेन्सर असतो. त्या नळीच्या टोकाशी प्लॅटिनमचा अगदी पातळ थर असतो. शून्य अंशाला त्याचा रेझिस्टन्स १००० ओहम आणि पुढे दर अंशाला साधारण पावणेचार ते चार ओहम वाढतो. २५ अंशांना १०९७, १०० ला १३८५, १८० ला १६८५, २०० ला १७५९. प्लॅटिनमच का, तर ते गंजत नाही आणि वर्षानुवर्षं तेच आकडे देतं. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये ही कल्पना मांडली, पुढे ह्यू कॅलेंडर यांनी ती भरवशाची केली, आणि आज आयईसी ६०७५१ या मानकात हे सगळे आकडे कोष्टकात आहेत. (या विषयावर आलो की मला थांबता येत नाही, पण हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.)

आता तुमचे आकडे घ्या. आत खरे १५२ अंश असताना सेन्सर सुमारे १५८१ ओहम दाखवत असणार. बोर्ड मात्र १८० झाले असं समजून कॉइल बंद करतोय, म्हणजे त्याला १६८५ दिसताहेत. मधले १०४ ओहम आले कुठून? सेन्सर बदलूनही ते तसेच आहेत, म्हणजे ते सेन्सरमध्ये नाहीत. ते वाटेत आहेत किंवा बोर्डात आहेत. वाट आधी तपासायची.

काय करायचं ते सांगतो. मेन स्विच बंद, ओव्हनचा प्लग काढलेला, ओव्हन पूर्ण गार. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. तुमचा ओव्हन मायक्रोवेव्हवाला नाही ना? मायक्रोवेव्ह असेल तर मागचं झाकण उघडूच नका. त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भारलेला असू शकतो.

सेन्सर आतून दोन स्क्रूंवर असतो. स्क्रू काढून नळी हळूच पुढे ओढली की मागून दोन वायरी आणि एक छोटा कनेक्टर येतो. तो सोडवण्याआधी ओव्हनच्या बाजूच्या वायरीला दोरा बांधा. नाहीतर कनेक्टर सुटताच वायर भोकातून मागे जाईल आणि मग मागचा पत्रा उघडल्याशिवाय हाती लागणार नाही. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या दोन पिनांवर मोजा. मीटर २००० ओहमवर. पिना बोटांत धरू नका, शरीरातूनही थोडा करंट जातो आणि आकडा काही ओहमांनी कमी येतो.

मग कनेक्टर पुन्हा जोडा आणि सेन्सर जागेवर ठेवून वायरीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बोर्डाकडचा प्लग बोर्डातून काढून त्यात मोजा. बोर्डाला जोडलेलं असताना मोजलेला आकडा भरवशाचा नसतो. दोन्ही आकडे आणि खोलीचं तापमान इथे लिहा.

निळीज्योत

काकांच्या सांगण्यात एक भर. खालची कॉइल पूर्ण लाल होते का तेही बघून घ्या. एक कॉइल गेली की ओव्हन तापायला फार वेळ लावतो, आणि तळ पांढुरका राहण्याचं ते नेहमीचं कारण आहे. फक्त कॉइल गेलेली असेल तर ओव्हन उशिरा का होईना, बहुधा १८० गाठतो. दाराचं रबर फाटलंय का तेही बघा.

शिवाय पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक कुणी सुचवला तर चकचकीत पत्र्यावर मोजू नका. चमकदार धातूवर तो भलतंच कमी दाखवतो. काळ्या, खरखरीत तव्यावर नेम धरला तर बराच बरोबर येतो.

वहीवाली

काका, किती नीट समजावलंत. १०४ ओहमांचं गणित मी वहीत स्वतः करून पाहिलं आणि जुळलं तेव्हा फार बरं वाटलं. गेले तीन महिने जे नुसतं 'बिघडलंय' होतं, त्याला एक आकडा मिळाला.

मायक्रोवेव्ह नाही, नुसता ओव्हन आहे. निळीज्योत, दोन्ही कॉइल पूर्ण लाल होतात आणि दाराचं रबर ठीक आहे. कागदाची पट्टी चारही बाजूंना दारात धरून ओढून पाहिली, सगळीकडे घट्ट धरते.

आज सकाळी सगळं बंद करून मोजलं. दोरा आधी बांधला आणि बरं झालं, कारण कनेक्टर सुटला तशी वायर सर्रकन आत गेली. खोलीत २७ अंश होते.

नव्या सेन्सरच्या पिनांवर: ११०५.
जुन्या सेन्सरच्या पिनांवर: ११०६.
बोर्डाकडच्या टोकाला, नवा सेन्सर जोडून: ११४७. पण हा आकडा ठरत नव्हता, ११४२ ते ११५३ मध्ये फिरत होता.

जुना सेन्सर बर्फातही तपासला. बर्फ बारीक कुटून, त्यात थोडंसं गार पाणी घालून, नळीचं टोक मधोमध बुडवून ढवळत राहिले. वायरी निघतात तिकडचं टोक कोरडं ठेवलं. पाच मिनिटांनी आकडा १००१ वर येऊन थांबला तो हललाच नाही. म्हणजे जो सेन्सर 'गेला' म्हणून काढला तो चांगला होता! नऊ वर्षं त्यानं इमानानं काम केलं आणि आपण त्याला दोषी ठरवून काढून टाकला, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

पण काका, वाटेत ४२ ओहमच सापडले. १०४ कुठे आहेत?

मीटरकाका

उत्तम काम. बर्फातली चाचणी मी सांगितलीही नव्हती. साधं मीटर पाच-आठ ओहम इकडेतिकडे दाखवू शकतं, पण एकाच मीटरनं घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक खरा असतो. ४२ खरे आहेत.

उरलेले ओहम गरम झाल्यावर येतात असा माझा अंदाज आहे. चांगल्या वायरीत आणि चांगल्या जोडात एक ओहमही धड नसतो. तुमच्याकडे आकडा ठरत नाहीये, ही लूज कॉन्टॅक्टची खूण. बोर्ड खराब असता तर वायरीच्या टोकाला ११०५ च आले असते.

आणि एक लक्षात घ्या, सेन्सर बदलताना कनेक्टरचा अर्धा भागच नवा आला. सेन्सरबरोबर पिना नव्या आल्या, पण ज्यात त्या पिना जातात ते ओव्हनच्या बाजूचं अर्धं जुनंच राहिलं. नवी पिन जुन्या ढिल्या खोबणीत बसली, म्हणून फरक पडला नाही.

आता गरम असतानाची तपासणी, पण ओव्हन न लावता. झाकण उघडं ठेवून ओव्हन चालू करायचा नाही, कुणीही सांगितलं तरी. प्लग काढलेलाच ठेवा, ओव्हन कपाटातून बाहेर घ्या (दोघांनी मिळून, जड असतो), मागचा पत्रा काढा. हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात आणि आत काचलोकर असते. मास्कही लावा. बोर्डाकडच्या प्लगला मीटर क्रोकोडाइल क्लिपनं लावून ठेवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. मग केस वाळवायचा ड्रायर फक्त कनेक्टरवर धरा. सेन्सर ओव्हनच्या आत आहे, त्याला गरम हवा लागणार नाही. आकडा वाढला तर तो कनेक्टरमुळेच.

वहीवाली

काका, सापडलं. हात अजून काचलोकरीनं खाजताहेत, पण आधी हे लिहिते.

ओव्हन आम्ही दोघांनी बाहेर काढला. मागचा पत्रा काढल्यावर आधी काही दिसलंच नाही, सगळीकडे काचलोकर. सेन्सरच्या जागी ती एका बाजूला दबून सरकली होती आणि कनेक्टर थेट आतल्या पेटीच्या पत्र्याला टेकला होता. नऊ वर्षं रोज तापलेल्या पत्र्याला. कनेक्टर मुळात पांढरा, पण टेकलेली बाजू कोऱ्या चहाच्या रंगाची झालेली. नखानं दाबलं तर कोपऱ्याचा कपचाच निघाला.

मीटर लावलं, ११४६. ड्रायर धरला. दहा-बारा सेकंद काही नाही. मग ११५०, ११५८, ११७१, मिनिटभरात १२१० आणि तिथे तो वर-खाली करत राहिला. ड्रायर बंद केला तसा हळूहळू खाली आला. मी यांना हाक मारून दुसऱ्यांदा करून दाखवलं. पुन्हा तेच. ११०५ मधून १२१० म्हणजे १०५ जास्त! तुमचे १०४ ओहम डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले.

सोडवून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. सेन्सरच्या दोन्ही पिना चकचकीत. समोरच्या खोबण्यांपैकी एक ठीक, दुसरी निळसर काळी पडलेली आणि तिचे दोन्ही ओठ फाकलेले. पिन घातली तर सहज सरकते, काही धरतच नाही. पाठच्या बाजूला वायरीचं तांबंही काळं पडलंय, इंचभर तरी.

आता यावर काय करू? खोबणीला पक्कडनं दाबून घट्ट केलं तर चालेल? की जुना जोड कापून वायरी सरळ एकमेकींना डाग देऊन टाकू?

मीटरकाका

दाबून चार दिवस चालेल, मग परत तेच. एकदा असा तापून ढिला पडलेला धातू पुन्हा स्प्रिंगसारखा दाबत नाही.

डाग देऊ नका. नेहमीचा शिसं-कथिलाचा डाग १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळतो, आणि तुमच्या कनेक्टरनं किती उष्णता खाल्ली ते तुम्ही पाहिलंतच. घरातली काळी इन्सुलेशन टेप आणि प्लॅस्टिकचे कनेक्टरही नकोत.

काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. वायर कमी पडली तर काचेच्या धाग्याचं आवरण असलेला तुकडा जोडा. जोड चिनीमातीच्या छोट्या स्क्रूवाल्या कनेक्टरमध्ये करा, नाहीतर निकेल चढवलेल्या लगनं (वायरीवर बसवायच्या धातूच्या तुकड्यानं) नीट क्रिंप करून, म्हणजे हत्यारानं घट्ट दाबून. हे सामान हीटर दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं. स्क्रू घट्ट केल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. मग काचलोकर जागेवर पसरा आणि जोड तिच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्यापासून लांब राहील असा ठेवा. हे राहिलं तर नवा जोडही त्याच वाटेनं जाईल.

उलटातवा

मधेच विचारतो, माझं नेमकं उलटं आहे. १८० लावलं की २१० च्या पुढे जातो. मलाही जोड तपासायचा का?

मीटरकाका

जोड खराब झाला की ओहम वाढतात, आणि ओहम वाढले की ओव्हन कमी तापतो. तुमच्याकडे बोर्डाला ओहम कमी दिसताहेत, म्हणून वेगळीकडे शोधा. सेन्सरची वायर कुठे सोलवटून पत्र्याला लागलीय का बघा. सेन्सर सुटा करून एक पिन आणि नळीचा धातू यांच्यामध्ये मोजा, मीटरनं काहीच दाखवता कामा नये. काही आकडा आला तर सेन्सर बदला. सेन्सरची नळी भिंतीत जास्त आत सरकलेली नाही ना, तेही पाहा.

आणि ओव्हन बंद केल्यावरही कॉइल लाल राहत असेल तर तो रिलेचा, म्हणजे कॉइल चालू-बंद करणाऱ्या बोर्डावरच्या स्विचचा, दोष आहे, रिले चिकटलेला असतो. तसं असेल तर आत्ताच मेन स्विच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका.

वहीवाली

मंडळी, काम झालं. उशीर झाला, कारण सामान मिळेपर्यंत थांबले आणि क्रिंप ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतला. माझ्याकडे ते हत्यार नाही आणि इथे मला अंदाजपंचे काही करायचं नव्हतं. त्यांना काकांचा संदेश वाचून दाखवला तर म्हणाले, "बरोबर सांगितलंय," आणि अगदी तसंच केलं. वायर साडेतीन सेंटिमीटर कापल्यावर लखलखीत तांबं आलं.

बोर्डाकडच्या टोकाला, २७ अंशांना: ११०६. वायर हलवली, ११०६. ड्रायर मिनिटभर धरला, ११०६. मी तो आकडा बघत तिथेच बसून राहिले.

मग सगळं बंद करून ओव्हन जागेवर लावला आणि पहिल्यासारखंच मोजलं, तोच तापमापक, तीच जाळी, अर्ध्या तासानंतर चाळीस मिनिटं. कमीत कमी १७१, जास्तीत जास्त १९०, सरासरी १८१. ऑफसेटला हात लावला नाही.

काल केक केला, वहीतल्या सगळ्यात जुन्या पानावरचा. त्याच साच्यात, त्याच खाचेत. ३५ व्या मिनिटाला वास सुटला तेव्हाच कळलं. ३८ ला सळई घातली, कोरडी निघाली.

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बोर्डाला मी हो म्हणणारच होते. जुना सेन्सर पुसून, दोन्ही पिनांना कागद गुंडाळून डब्यात ठेवलाय, कधी लागला तर तोच बसवीन. आणि वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलंय: '२७ अंशांना ११०६, बोर्डाकडच्या टोकाला.' पुढे कधी केकला ४३ मिनिटं लागली, तर पीठ बदलण्याआधी हा आकडा बघेन.